फिर्यादीची चित्रफीत

२०१९ च्या एप्रिल महिन्यात, लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम ऐन भरात असताना, नांदेड आणि सोलापूर या दोन शहरांत राज ठाकरे यांच्या ज्या सभा झाल्या, त्यांचे वैशिष्ट्य असे की, वक्त्याच्या पक्षाचा एकही उमेदवार त्या निवडणुकीत उभा नव्हता, आणि तरीही हजारो माणसे व्यासपीठावरील प्रचंड पडद्याकडे डोळे लावून तासन्‌तास बसली होती. वक्ता दोन वाक्ये बोले, थांबे, ‘लाव रे तो व्हिडिओ’ अशी आज्ञा करी, आणि मग पडद्यावर सत्ताधाऱ्यांचीच जुनी भाषणे, जुनी आश्वासने आणि सरकारी जाहिरातींतील सजवलेली दृश्ये एकामागून एक उलगडत जात. अमरावती जिल्ह्यातील हरिसाल हे आदिवासी गाव ‘डिजिटल गाव’ म्हणून जाहिरातीत झळकले होते. त्या जाहिरातीत ज्याचे छायाचित्र होते तो तरुणच सोलापूरच्या व्यासपीठावर लोकांसमोर उभा करण्यात आला. प्रतिपक्षाच्या शब्दानेच प्रतिपक्षाला बांधून टाकण्याची ही रीत आपल्या वादपद्धतीला मुळीच नवी नाही. नवा होता तो पडदा, आणि त्या पडद्यावरचे दृश्य दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसण्याची सोय.

नांदेड जिल्ह्यातील देगलूर तालुका ओलांडला की बिदर जिल्ह्यातील औराद लागतो. सोलापुरातील अक्कलकोट ओलांडले की कलबुर्गीतील आळंद. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेने जी रेघ ओढली तिने उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे बिदर जिल्ह्याचे तालुके महाराष्ट्राकडे (तेव्हाच्या मुंबई राज्याकडे) आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हे कर्नाटकाकडे (तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे) दिले. पण सोयरीक, बाजार, दवाखाना आणि बोली यांनी ती रेघ कधी फारशी मानली नाही, आणि मोबाइलवरून येणाऱ्या चित्रफितीने तर तिची दखलही घेतली नाही. सीमाभागातील मराठी माणसाने राजकीय चित्रफितीचा पहिला भरघोस धडा घेतला तो या दोन शेजारच्या शहरांकडून.

त्या धड्याचा उत्तरार्ध मात्र अनेकजण विसरतात. त्या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी ४१ जागा ज्यांच्याविरुद्ध त्या चित्रफिती लावल्या गेल्या त्या भाजप-शिवसेना युतीलाच मिळाल्या. नांदेडात अशोक चव्हाण पडले आणि सोलापुरात सुशीलकुमार शिंदे. लोकांनी चित्रफीत पाहिली, तिला टाळ्या दिल्या, ती पुढे पाठवली, आणि मत स्वतःच्या हिशेबाने दिले. म्हणून, एक झणझणीत व्हिडिओ काढला की आमदार घरी बसला, अशा समजुतीने जो कोणी हातात मोबाइल घेतो, त्याने हे आकडे आधी ध्यानात घ्यावेत. चित्रफितीचे खरे काम मत फिरवणे हे नव्हेच. ज्या गोष्टीला लोकप्रतिनिधीने उत्तर दिले पाहिजे ती गोष्ट चारचौघांसमोर अशा रीतीने मांडणे की, तिला उत्तर न देता पुढे जाणे त्याला अशक्य व्हावे, हे तिचे काम आहे. आपल्याकडे याला पूर्वापार एक शब्द आहे: फिर्याद. आणि फिर्यादीला तीन गोष्टी लागतात, कागद, तारीख आणि फिर्यादीचे नाव. चित्रफितीलाही त्याच तीन लागतात, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या तिन्हींवाचून निघालेल्या चित्रफितीने याच मुलखात काय अनर्थ केला हेही पुढे सांगायचे आहे.

बिदर, कलबुर्गी आणि नांदेड निजामाच्या राज्यात असताना फिर्याद जाहीर करणे हाच अपराध होता. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकाने पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा घेण्यास मनाई केली होती, आणि परवानगी द्यायची ती ज्याच्याविरुद्ध तक्रार असे त्याच अंमलदाराने. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ च्या सुमारास सुरू केलेले ‘मराठवाडा’ साप्ताहिक संस्थानाबाहेर, पुण्यात, छापावे लागे आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा आत पाठवावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हे राज्य संपले. ज्यांच्या आजोबांनी असा अंक पटक्यात दडवून वाचला त्यांच्या नातवाला आज तालुक्याच्या आमदाराविरुद्ध बोलण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही; ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि म्हणूनच ती उधळून टाकता कामा नये.

साध्या, अकृत्रिम चित्रफितीचे बळ किती असते याचे जगातील ठळक उदाहरण अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये सिनेटर जॉर्ज ॲलन यांनी प्रचारसभेत, विरोधी उमेदवाराच्या वतीने चित्रीकरण करीत असलेल्या भारतीय वंशाच्या एका तरुणाकडे बोट दाखवून त्याला माकडाच्या जातीवाचक अशा एका शब्दाने दोनदा संबोधले. तो तरुण वाद घालीत बसला नाही. त्याने कॅमेरा सुरूच ठेवला. यूट्यूब तेव्हा जेमतेम दीड वर्षाचे होते. चित्रफीत देशभर गेली, आणि निश्चित समजली जाणारी जागा ॲलन सुमारे नऊ हजार मतांनी गमावून बसले. त्या चित्रफितीत संगीत नव्हते, निवेदन नव्हते, विशेषण नव्हते. जे घडले ते, ज्याच्या तोंडून घडले त्याच्याच आवाजात, अखंड होते.

आपल्या कर्नाटकात या तंत्राला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती सप्टेंबर २०२२ मध्ये. राज्यातील ठेकेदारांच्या संघटनेने, सरकारी कामांत चाळीस टक्के दलाली मागितली जाते अशी तक्रार जुलै २०२१ मध्ये थेट पंतप्रधानांकडे पत्राने केली होती. त्या तक्रारीचा धागा पकडून काँग्रेसने बंगळूरच्या भिंतींवर तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांचा चेहरा असलेली, पैसे देण्याच्या मोबाइल-खुणेसारखी दिसणारी ‘पेसीएम’ भित्तिपत्रके लावली. ती खूण मोबाइलने टिपली की भ्रष्टाचाराच्या तक्रारी नोंदवण्याचे संकेतस्थळ उघडे. पोलिसांनी काही कार्यकर्त्यांना अटक केली, आणि अटकेच्या बातमीने ती खूण जिथे भित्तिपत्रक पोचले नव्हते त्या खेड्यांतही पोचली. पुढच्या मे महिन्यात काँग्रेसला १३५ जागा मिळाल्या. तथापि, याच मोहिमेचे दुसरे टोकही पाहिले पाहिजे: निवडणुकीच्या तोंडावर वृत्तपत्रांत भ्रष्टाचाराचे ‘दरपत्रक’ म्हणून जी जाहिरात प्रसिद्ध झाली तिच्यावरून भाजपने अब्रुनुकसानीचा फौजदारी दावा लावला, आणि जून २०२४ मध्ये राहुल गांधी यांना बंगळूरच्या न्यायालयात जातीने हजर राहून जामीन घ्यावा लागला. पक्षापाशी वकिलांची फौज असते. बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरच्या पानटपरीवाल्यापाशी ती नसते.

त्या पानटपरीवाल्याच्या पातळीवरचे उदाहरण बिदर जिल्ह्यातच घडले. २०२२ च्या पेरणीच्या हंगामात खताची टंचाई होती, आणि योगायोग असा की, बिदरचे तेव्हाचे खासदार भगवंत खुबा हे केंद्रात रसायने व खते खात्याचेच राज्यमंत्री होते. औराद तालुक्यातील एका माणसाने त्यांना फोन करून खत का मिळत नाही असे विचारले. संभाषण चढ्या आवाजात गेले, त्याची ध्वनिफीत बाहेर पडली आणि दोन दिवसांत ती घरोघर ऐकली गेली. फोन करणारा गृहस्थ सरकारी शाळेतील शिक्षक निघाला, आणि शिक्षण खात्याने त्याला निलंबित केले. प्रश्न खताचा होता. शिक्षा प्रश्न विचारण्याची झाली, असेच जनतेने मानले, आणि मलाही त्यात जनतेची चूक दिसत नाही. पण यातून घ्यायचा व्यावहारिक बोध कठोर आहे: जो सरकारी सेवेत आहे, त्याच्या गळ्यात सेवानियमांचा फास असतोच. चित्रफितीवर नाव घालायचे ते शेतकऱ्याने, दुकानदाराने, पेन्शनरने. शिक्षकाने, तलाठ्याने, अंगणवाडी सेविकेने नव्हे. खुबा २०२४ च्या निवडणुकीत अवघ्या सव्वीस वर्षांच्या सागर खंड्रे यांच्याकडून सव्वा लाखाहून अधिक मतांनी पराभूत झाले. त्याला पुष्कळ कारणे होती आणि ती ध्वनिफीत हेच कारण होते असे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल; पण ती विसरली गेली होती असे म्हणणेही तितकेच चुकीचे.

आता त्या अनर्थाकडे येतो. १३ जुलै २०१८ रोजी, शुक्रवारी, हैदराबादचे काही तरुण मित्र बिदर जिल्ह्यातील एका खेड्यात आपल्या स्नेह्याकडे आले होते. त्यांच्यातील एकजण परदेशातून चॉकलेटे घेऊन आला होता. शाळेतून परतणाऱ्या मुलांना त्याने ती वाटली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर सर्वत्र पसरली होती. बाराच दिवसांपूर्वी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे याच अफवेने पाच भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला होता. इथेही गावकऱ्यांना संशय आला. तरुण गाडीत बसून निघाले. आणि त्यांच्या आधी त्यांची चित्रफीत पुढच्या गावी, मुर्कीला, पोचली. तिथे रस्ता अडवला गेला, गाडी खड्ड्यात कोसळली, आणि जमावाने एका तरुण अभियंत्याला ठार मारले. सोडवायला धावलेले पोलीसही जखमी झाले. त्यानंतर आठवडाभरातच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आज जगभर जी मर्यादा आहे तिची सुरुवात राईनपाडा आणि मुर्की यांच्या रक्तातून झाली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

मुर्कीच्या चित्रफितीत खोटे दृश्य एकही नव्हते. तरुण होते, गाडी होती, मुले होती, चॉकलेटे होती. खोटा होता तो तिच्यासोबत जोडलेला अर्थ. आणि तो अर्थ कोणी जोडला त्याचे नाव तिच्यावर नव्हते, पडताळून पाहावा असा कागद तिच्यामागे नव्हता. राजकीय विरोधासाठी चित्रफीत काढणाऱ्या प्रत्येकाने हे गाव स्मरणात ठेवावे असे मला तळमळीने सांगावेसे वाटते. आमदाराच्या घरासमोर उभ्या असलेल्या नव्या गाडीचे चित्र खरे असेल. ती गाडी लाचेची आहे हे वाक्य मात्र कागदाशिवाय उच्चारण्याचा अधिकार कोणालाही नाही, कारण ते वाक्य ऐकणारा जमाव उद्या कुठे उभा असेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

मग कागदासह निघालेली चित्रफीत कशी दिसते? समजा, भालकी तालुक्यातील एखाद्या तांड्याकडे जाणारा दीड किलोमीटरचा रस्ता आहे, जो गेल्या वर्षी झाला आणि यंदाच्या पहिल्या पावसात उखडला. अशा रस्त्याच्या तोंडाशी एक नामफलक असतो आणि तो कन्नडमध्ये असतो: कामाचे नाव, अंदाजे रक्कम, कोणत्या निधीतून, गुत्तेदार कोण, काम कधी सुरू आणि कधी पूर्ण. चित्रीकरणाची सुरुवात या फलकापासून करावी, त्यावर मोबाइल स्थिर धरून, वाचणाऱ्याला वाचता येईल इतका वेळ. नंतर मध्ये कुठेही न तोडता चालत जावे आणि उखडलेल्या भागापाशी थांबावे. तिथे टेप लावून डांबराच्या थराची जाडी मोजावी. टेपवरचा आकडा पडद्यावर दिसला पाहिजे. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले तर ज्याला सेंटिमीटर कळत नाही त्या म्हातारीलाही भेग केवढी ते कळते. वाऱ्याचा घोंघाट टाळायला इअरफोनचा माइक सदऱ्याच्या आत गळ्यापाशी ठेवला की काम भागते. मग बोलणाऱ्याने आपले नाव, गाव आणि आजची तारीख सांगावी, आणि एकच प्रश्न विचारावा. दोन नव्हे. नव्वद सेकंदांत एवढे सगळे बसते. खाली सिनेमाचे गाणे घालू नये. स्वामित्वहक्काच्या एका तक्रारीने सबंध चित्रफीत उतरवली जाते आणि आमदाराला उत्तर द्यावे लागत नाही.

पण फलकावरचा आकडा खरा की खोटा हे कसे ठरवणार? इथे माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा उपयोगी पडतो, आणि त्याचे एक अंग आपल्याकडे आश्चर्य वाटावे इतके अज्ञात आहे. या कायद्याने नागरिकाला केवळ कागदाची नक्कल मागता येते असे नव्हे. कामाची प्रत्यक्ष पाहणी करता येते आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही घेता येतो. म्हणजे त्या रस्त्याच्या डांबराचा तुकडा, खात्याच्या शिक्क्यासह, मागण्याचा आपल्याला हक्क आहे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. अंदाजपत्रक, मोजणीपुस्तिकेची नक्कल आणि अंतिम देयक, हे तीन कागद हाती आले की रस्त्याची कहाणी पूर्ण होते. आणि ते कागद चित्रफितीत फलकानंतर दाखवले की प्रेक्षकाला विशेषणांची गरज उरत नाही.

अशा कामांमागचा पैसा थोडा नाही. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी आणि कर्नाटकातील आमदाराला २ कोटी रुपये सुचवता येतात. शिवाय राज्यघटनेच्या ३७१-जे या अनुच्छेदानंतर कलबुर्गीत स्थापन झालेल्या, आज कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात अलीकडे वर्षाला ५,००० कोटींची तरतूद होऊ लागली आहे. उलट, जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपल्यावर त्यांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबत गेल्या, आणि ज्या खुर्चीवर गावचा ओळखीचा सदस्य बसायचा तिथे प्रशासक बसला. त्यामुळे ज्याला जाब विचारता येईल असा निवडून आलेला माणूस खेड्याच्या नजरेत एकच उरला, तो आमदार. बिदर लोकसभा मतदारसंघात बिदर जिल्ह्याच्या सहा जागांबरोबर कलबुर्गीच्या आळंद आणि चिंचोळी याही येतात, म्हणजे एकाच खासदाराला औरादच्या मराठी शेतकऱ्याने आणि चिंचोळीच्या कन्नड-तेलुगू शेतमजुराने एकच प्रश्न विचारायचा असतो.

आणि इथेच सीमाभागाची खरी अडचण सुरू होते, जी पुण्याच्या वा बंगळूरच्या वाचकाला सहसा जाणवत नाही. सरकारी कागद कन्नडमध्ये. तक्रारदार मराठीत विचार करणारा. त्याचा शेजारी दखनी उर्दू बोलणारा. तांड्यावरची बाई लमाणी बोलणारी. जो व्हिडिओ केवळ मराठीत निघतो त्याला ‘हे सीमावादवाले’ असा शिक्का मारून बाजूला सारणे लोकप्रतिनिधीला फार सोपे जाते, आणि खराब रस्त्याचा प्रश्न क्षणार्धात भाषेचा प्रश्न होऊन बसतो, ज्याला सत्तर वर्षांत कोणाला उत्तर सापडलेले नाही. म्हणून बोलावे आपल्या मातृभाषेत, त्यात संकोच कशाचा. पण खाली अक्षरे कन्नड असावीत, आणि ती कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून तपासून घ्यावीत. बाराव्या शतकात याच भूमीतील कल्याण नगरीत (आजच्या बसवकल्याणात) बसवण्णांच्या अनुभवमंटपात चांभार, कोळी, परीट आणि ब्राह्मण आपापल्या अनुभवाचे बोल लोकांच्या बोलीत बोलले. या भूमीला बहुजनांच्या वाणीचा संस्कार परका नाही.

कायद्याच्या बाजूने दोन भेद मनात पक्के असावेत. पहिला, सार्वजनिक आचरण आणि खासगी चारित्र्य यांतला. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात अब्रुनुकसानीला जे अपवाद दिले आहेत त्यांत लोकहितासाठी सांगितलेले सत्य आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्‌भावनेने दिलेले मत हे दोन्ही येतात. आमदाराने सभागृहात काय विचारले, निधी कुठे वळवला, आश्वासन कधी दिले, हे आपले क्षेत्र. त्याचे घर, बायकामुले, आजारपण, व्यसन, जात हे आपले क्षेत्र नव्हे. ते केवळ कायद्याने नव्हे, सभ्यतेनेही नव्हे. दुसरा भेद, चित्रफीत आणि जाहिरात यांतला. स्वतःच्या खात्यावर स्वतःचे म्हणणे मांडले तर निवडणूक आयोग त्याला पूर्वप्रमाणनाची अट लावीत नाही. पण पैसे मोजून ती पसरवली की ती जाहिरात ठरते. निवडणुकीच्या काळात अशी जाहिरात जिल्ह्याच्या माध्यम समितीकडून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. उमेदवार आणि मान्यताप्राप्त पक्ष यांनी तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस आधी, आणि इतरांनी ही जाहिरात कोणत्याही पक्षाच्या वा उमेदवाराच्या लाभासाठी नाही असे प्रतिज्ञेवर सांगायचे. उमेदवाराच्या लेखी संमतीवाचून त्याच्या विजयासाठी खर्च केला तर संहितेच्या १७६ व्या कलमाखाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्यातून सूट मिळते ती दहा रुपयांच्या खर्चाला, आणि तीही दहा दिवसांत संमती मिळाली तर. फेसबुक आणि गूगल २०१९ पासून राजकीय जाहिरातदाराची ओळख पटवून घेतात आणि खर्च कोणाचा हे जाहिरातीवर छापतात. मतदान संपण्यापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांत मौन पाळावे, हे तर सर्वश्रुत आहे.

बनावट दृश्यांविषयी एकच प्रसंग पुरे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बिदर आणि कलबुर्गीचे मतदान ७ मे रोजी होते. आदल्याच दिवशी आयोगाने कृत्रिम बुद्धीने बनवलेली बनावट चित्रे सूचना मिळाल्यापासून तीन तासांत काढून टाकण्याचे फर्मान सर्व पक्षांना काढले. आणि मतदानाच्याच दिवशी, भाजपच्या कर्नाटक शाखेने प्रसृत केलेली, आरक्षणाच्या प्रश्नावर एका धर्माविषयी द्वेष पसरवणारी म्हणून तक्रार झालेली व्यंगचित्रफीत उतरवण्याचा आदेश आयोगाने दिला. तोवर ती काही दिवस फिरत होती. मोठ्या पक्षांकडून अशी गोष्ट घडते तेव्हा गावातल्या तरुणाला तीच रीत वाटू लागते. ती रीत नव्हे, तो अपराध आहे.

चित्रफीत तयार झाली की ती प्रसृत करण्यापूर्वी लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात आपला प्रश्न लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि आठ दिवस थांबावे, असा माझा आग्रह आहे. उत्तर आले तर ते जसेच्या तसे चित्रफितीच्या शेवटी जोडावे. न आले तर पोचेचा शिक्का दाखवावा. अनेकांना हे भेकडपणाचे वाटते. पण ज्या चित्रफितीत प्रतिपक्षाचे म्हणणे आहे तिच्यावर पक्षपाताचा आरोप टिकत नाही; आणि खरे सांगायचे तर, आठ दिवसांत रस्त्यावर खडीची गाडी येऊन पडली तर चित्रफीत न काढताच तिचे काम झाले, यात वाईट वाटून घेण्यासारखे काय आहे? मूळ चित्रण मात्र काटछाट न करता वेगळे जपून ठेवावे. प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ज्याच्या मोबाइलमध्ये मूळ चित्रण नाही त्याला ते देणे कठीण जाते.

राहिला प्रश्न भाषेचा, कारण भालकीच्या वा आळंदच्या कचेरीत ‘अर्ज कन्नडमध्ये आणा’ असे ऐकून परतलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांनी हे दोन आधार लिहून खिशात ठेवावेत. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाण्याचे निवेदन देण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे, म्हणून निवेदन मराठीत द्यावे. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत द्यावा लागतो. ज्याला कन्नड लिहिता येत नाही त्याने तो हिंदीत लिहावा, आणि ज्याला लिहिताच येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास साहाय्य करणे हे त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे कचेरीतील माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.